पेल्याची परीक्षा

सुतारशाळेच्या मास्तरांची परीक्षा अगदी सोपी होती, आणि म्हणूनच मुलांना तिची धास्ती वाटायची. जे काही बनवलं असेल, स्टूल म्हणा, बाक म्हणा, टेबल म्हणा, ते कार्यशाळेच्या मधोमध फरशीवर आणून ठेवायचं. मास्तर खिडकीतला काचेचा पेला उचलणार, काठोकाठ पाण्यानं भरणार आणि त्या वस्तूवर ठेवणार. मग हात पाठीमागे बांधून चारी बाजूंनी फेरी मारणार. पाणी काठाला सगळीकडून सारखं टेकलेलं असलं तर पास. एका बाजूनं ओघळलं तर नापास. पुढे वाद नाही, रडारड नाही. "पाण्याला ओळखपाळख नसते," असं मास्तर म्हणायचे, आणि दरवर्षी नव्या वर्गाला हे वाक्य अशा थाटात ऐकवायचे की जणू आत्ताच सुचलंय.

दुसरा नियम दारावरच्या पाटीवर होता. पाटी मास्तरांनी स्वतःच रंगवली होती, त्यामुळे अक्षरं सरळ आणि भाषा तिरकी. 'पास झाल्याशिवाय कोणतीही वस्तू या दाराबाहेर जाणार नाही. विचारू नये.'

नापास वस्तूंची रवानगी मागच्या भिंतीवरच्या लांब फळीवर व्हायची. मुलं त्या फळीला दवाखाना म्हणायची. तिथं वस्तू भरती व्हायची, ज्याची त्यानं ती दुरुस्त करायची, पुन्हा पेला, आणि मग डिस्चार्ज. दुसऱ्याच्या कामाला हात लावायची कुणाची टाप नव्हती, खुद्द मास्तरांचीसुद्धा. एकतीस वर्षांत त्या फळीवरून झाडून सगळ्या वस्तू आज ना उद्या घरी गेल्या होत्या. एकच राहिली होती. एक उंच स्टूल, पॉलिश न केलेलं, सात वर्षांपूर्वीचं.

आणि आता महिनाअखेरीला मास्तर निवृत्त होणार होते. सुतारशाळेच्या प्राचार्य बाई, चार वर्षांपूर्वी बदलून आलेल्या, कामाच्या मोठ्या टापटिपीच्या. त्यांनी फळी रिकामी करण्याचा लेखी आदेश काढला होता. त्या जागी नवी यंत्रं यायची होती. ज्याला धनी नाही ते सगळं भंगारात, असं आदेशात लिहिलं होतं. मास्तरांनी आदेश वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं की हे स्टूल भंगारात जाणार नाही. ते जाईल तर ते बनवणाऱ्या पोरीच्या आईच्या हातात जाईल, आणि तेही पास होऊन.

त्या पोरीला सगळा वर्ग फूटपट्टी म्हणायचा. एक तर अंगानं तशी किडकिडीत, आणि दुसरं म्हणजे दिसेल ते मोजायची खोड. दार उघडायला किती जागा लागते, बाकावर बसल्यावर कोपर कुठं येतं, मास्तरांची चष्म्याची डबी लांबीला किती. पहिल्याच महिन्यात तिनं मास्तरांना येऊन सांगितलं होतं, "मास्तर, शाळेची ही लोखंडी पट्टी सुरुवातीला झिजलीय. अर्धा सूत खोटं बोलते." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि अर्धा सूत म्हणजे त्याचाही निम्मा. मास्तर अकरा वर्षं त्याच पट्टीनं शिकवत होते. ते आधी रागावले, मग त्यांनी पट्टी तपासली आणि मग ती मुकाट्यानं कपाटात टाकून नवी आणली. पोरीला शाबासकी काही दिली नाही. शाबासकी द्यायच्या बाबतीत मास्तरांचा हात आखडताच होता.

पण मनातून ते हरखून गेले होते. रंधा मारायला लागली की तिच्या हातून लाकडाची साल अशी पातळ निघायची की त्यातून वर्तमानपत्र वाचता यावं. सांधे असे बसायचे की नख शिरू नये. अठराव्या वर्षी ही गत, तर तिशीत काय होईल, असं मास्तर घरी जाताना स्वतःशीच बोलायचे. आपल्यामागे ही कार्यशाळा हिच्या ताब्यात द्यायची, हे त्यांनी कुणाला न सांगता ठरवून टाकलं होतं. साहाय्यकाच्या जागेसाठी तिच्या वतीनं अर्जही स्वतः लिहून ठेवला होता. प्रमाणपत्र मिळालं की सही घ्यायची, एवढंच बाकी होतं. प्रमाणपत्रासाठी शेवटची वस्तू पास व्हायला हवी होती, आणि शेवटची वस्तू म्हणजे ते स्टूल.

परीक्षेच्या दिवशी तिनं स्टूल आणून मधोमध ठेवलं आणि सगळ्यांना दिसलं की ते कललंय. थोडंथोडकं नाही, चांगलं डोळ्यात भरेल इतकं. मास्तरांनी पेला भरून ठेवला, आणि पाणी भळभळा एका बाजूनं ओघळून थेट त्यांच्या बुटावर पडलं.

मास्तरांचा चेहरा पडला. ज्या पोरीवर सगळा भरवसा टाकला तिनं चार पाय चार मापांचे कापावेत? त्यांना राग आला, आणि राग आला की मास्तरांना विनोद सुचायचे. ही त्यांची फार वाईट सवय.

"काय गं फूटपट्टी," ते म्हणाले, "सगळं जग मोजून झालं आणि स्टुलाचे पाय मोजायचे राहिले? हे असं वाकून कुणाची माफी मागतंय?"

वर्ग खो खो हसला. पोरगी लाल झाली, पण हटली नाही. "मास्तर, हे इथं ठेवायचं नाहीच आहे. मला एक दिवस बाहेर न्यायला द्या. दाखवते."

"पास झाल्याशिवाय? पाटी वाचता येते ना?"

"मग तुम्ही चला माझ्याबरोबर."

"मी? स्टुलाच्या वरातीत?"

पुन्हा हशा. तिनं ओलं स्टूल फडक्यानं पुसलं, उचलून फळीवर ठेवलं आणि निघून गेली. मास्तरांनी निकालाच्या वहीत लिहिलं, 'सांधे उत्तम. पाय असमान. नापास.' दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, ताप डोक्यात गेलाय. पाचव्या दिवशी ती गेली. एकोणीस वर्षांची होती.

तेव्हापासून सात वर्षं मास्तरांनी एकाही विद्यार्थ्याची थट्टा केली नाही. कानाला खडा लावला तो लावलाच. तिच्या अंत्यविधीला ते गेले होते, पण गर्दीच्या मागे कोपऱ्यात उभे राहिले आणि आईला न भेटताच परतले. आई एका लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम करायची. त्या लॉन्ड्रीच्याच रस्त्यावर खिळे-स्क्रूंचं चांगलं दुकान होतं, पण मास्तर सात वर्षं दूरच्या दुकानातून महाग खिळे आणत होते. स्टूल चुकलेलं होतं याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. इतक्या हुशार पोरीच्या पहिल्या आणि शेवटच्या चुकीला आपण हसलो, तेही चारचौघांत, हेच त्यांना खात होतं.

तर आता त्यांनी ठरवलं की आपलाच नियम एकदा मोडायचा. तिच्या कामाला हात लावायचा, पाय सारखे करायचे, पेला ठेवायचा आणि तिला पास करून टाकायचं. वर्ग सुटल्यावर दुपारी त्यांनी स्टूल फळीवरून उतरवलं, धूळ पुसली आणि बाकावर उलटं ठेवलं. पाय मोजले. सगळ्यात लांब पायापेक्षा दुसरा दोन सूत आखूड, तिसरा सहा सूत, चौथा चार सूत. मास्तरांनी लांब पायावर पेन्सिलीची रेघ मारली, करवत लावली आणि पहिला हात मारला. दात लाकडात जेमतेम रुतले असतील, तेवढ्यात त्यांची नजर पायाच्या तळव्यावर गेली आणि हात थांबला.

तळवा तिरपा होता. सरळ कापलेला पाय तळाशी काटकोनात असतो, हे सुतारशाळेत पहिल्या आठवड्यात शिकवतात. मास्तरांनी गुण्या लावून पाहिला. काटकोन नव्हता. दुसऱ्या पायाला लावला, तिथंही नाही. चारही तळवे तिरपे होते, आणि चारही एकाच दिशेला, एकाच कोनात, घासून घासून गुळगुळीत केलेले.

त्यांनी स्टूल सुलटं करून फरशीवर उभं केलं. ते सात वर्षांपूर्वीसारखंच कललं. पण मास्तर आज वर बघत नव्हते, खाली बघत होते. त्यांनी खिशातला तो आदेशाचा कागद काढला आणि पायाखाली सारून पाहिला. जाईना. चारही पायांना करून पाहिलं, कागदाचा कोपरासुद्धा शिरेना. चुकून वाकडं झालेलं स्टूल डुगडुगतं, पायांच्या कडांवर उभं राहतं. हे तर चारही तळवे फरशीला चिकटवून ठाम उभं होतं आणि तरी कललेलं होतं. असं काम चुकून होत नाही. असं करायला आठवडाभर मान मोडून बसावं लागतं.

"म्हणजे तिला असंच करायचं होतं," मास्तर मोठ्यानं म्हणाले. खोलीत ऐकायला कुणी नव्हतं, पण त्यांना तरी ऐकायची गरज होती.

ते जुन्या कागदांच्या कपाटाकडे गेले. काम सुरू करण्याआधी प्रत्येक विद्यार्थी एक चिठ्ठी भरून द्यायचा: वस्तू कोणती, कुणासाठी, कुठं ठेवायची. ही पद्धत मास्तरांनीच पाडलेली. वस्तू ज्या जागी राहणार त्या जागेचं माप घ्या, कार्यशाळेचं नव्हे, हा धडाही त्यांचाच. तासाभरानं फूटपट्टीची चिठ्ठी सापडली. 'उंच स्टूल. आईसाठी. लॉन्ड्रीत मोरीजवळच्या इस्त्रीच्या टेबलापाशी. तिथली जमीन मोरीकडे उतरती आहे, दोन्ही अंगांनी. त्याप्रमाणे पाय कापणार आहे.' आणि खाली ठसठशीत सही. मास्तरांची.

त्यांनी न वाचताच सही ठोकली होती. वर्षाला चाळीस चिठ्ठ्या यायच्या, वाचणार कोण? मास्तर कपाटाला टेकून खाली बसले. पोरीनं लिहून दिलं होतं, तोंडानं सांगितलं होतं, चला म्हणाली होती. आणि नियम असा की पास झाल्याशिवाय वस्तू बाहेर जाणार नाही, आणि ही वस्तू बाहेर गेल्याशिवाय पास होणार नाही. त्या कात्रीत त्यांनी तिला धरलं होतं आणि वर हसले होते. त्यांना रडू आलं, आणि ते पोटभर रडले. मग उठून तोंड धुतलं आणि स्टूल उचलून तडक प्राचार्य बाईंच्या खोलीत गेले.

"बाई, मला एक परीक्षा घ्यायची आहे."

"परीक्षा? वर्ग तर संपलाय," बाई म्हणाल्या. "आणि हे काय, हे भंगारातलं ना?"

"भंगारातलं नाही. सात वर्षांपूर्वी एका मुलीला मी चुकीनं नापास केलं. ती आता नाही. तिचं स्टूल आहे." आणि मास्तरांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तळवे दाखवले, चिठ्ठी दाखवली, करवतीचा ताजा ओरखडासुद्धा लपवला नाही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या काही दगडाच्या नव्हत्या, पण कागदाच्या बाहेर जायची त्यांना सवय नव्हती. "वाईट वाटतं हो ऐकून," त्या म्हणाल्या. "पण तिची परीक्षा कशी घेणार? पाटी तुम्हीच लावलीय. नापास वस्तू बाहेर जाणार नाही. फार तर असं करा, ती पाटी काढून टाका. आठ दिवसांनी तुम्ही जाणारच आहात."

"पाटी का काढायची? पाटी बरोबर आहे. वस्तू पास झाल्याशिवाय जाणार नाहीच. पण परीक्षा याच खोलीत घ्यायची, असं पाटीवर कुठं लिहिलंय?"

बाईंनी डोळे बारीक केले. "परीक्षा चालू असताना वस्तू परीक्षकांच्या नजरेआड होता कामा नये, असं नियमात आहे."

"नाही होणार. दारातून निघताना परीक्षा सुरू, तिथं पोचल्यावर पेला ठेवायचा. रस्ताभर परीक्षा."

"आणि शाळेबाहेरच्या परीक्षेला परीक्षक दोन लागतात."

"दुसऱ्या तुम्ही."

"मी? आत्ता? माझी चार वाजता बैठक आहे."

"बाई," मास्तर म्हणाले, "ती मला चला म्हणाली होती. तेव्हा मला वेळ होता, पण मी गेलो नाही. आज मी तुम्हाला चला म्हणतोय. तुम्ही नाही आलात तर उद्या विचारीन, परवा विचारीन. आठ दिवस आहेत माझ्याकडे, आणि मला दुसरं काही काम नाही."

बाईंनी घड्याळ बघितलं, मास्तरांकडे बघितलं, आणि निकालाची सात वर्षांपूर्वीची वही कपाटातून काढली. "पेला मी घेते," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातातून फुटायचा."

अशी ती वरात निघाली. पुढे मास्तर, खांद्यावर स्टूल. मागे प्राचार्य बाई, काखेत वही आणि हातात रुमालात गुंडाळलेला पेला. त्यांची नजर स्टुलावर खिळलेली, कारण नियम म्हणजे नियम. त्या नादात त्या दोनदा ठेचकाळल्या. कोपऱ्यावर एका माणसानं विचारलं, "स्टूल विकायचंय का हो?"

"परीक्षा चालू आहे!" मास्तर त्याच्यावर असे खेकसले की तो बिचारा फुटपाथवरून खाली उतरला.

खिळ्यांच्या दुकानापाशी मास्तर घुटमळले. तिथून पुढं लॉन्ड्री होती. त्या आईसमोर जाऊन काय बोलायचं, याचा सात वर्षं विचार करून त्यांना एक वाक्य सुचलं नव्हतं. पण खांद्यावर स्टूल होतं आणि मागे बाई होत्या. आता परत फिरलो तर आयुष्यभर आरशात बघता येणार नाही, असं म्हणून त्यांनी लॉन्ड्रीचं दार ढकललं.

आत वाफच वाफ. दोरीवर पांढऱ्या चादरी, भिंतीकडेनं कपड्यांच्या टोपल्या, आणि ओळीनं चार इस्त्रीची टेबलं. शेवटचं टेबल मोरीच्या अगदी जवळ. तिथं पन्नाशीची एक बाई दुखरा पाय वाचवत, दुसऱ्या पायावर भार टाकून, कंबर टेबलाला लावून शर्टावर इस्त्री फिरवत होती. तिनं वर पाहिलं, एक डोळा बारीक करून. फूटपट्टी माप घेताना अगदी असाच डोळा बारीक करायची.

"मी सुतारशाळेचा मास्तर," ते म्हणाले.

"ओळखलं." तिनं इस्त्री उभी केली. "तिला पोचवलं त्या दिवशी मागे कोपऱ्यात उभे होतात. बोलला नाहीत."

"तोंड नव्हतं."

"मग आज?"

"आज माफी मागायला आलोय. तुमच्या मुलीचं काम बरोबर होतं आणि मी तिला नापास केलं. वर सगळ्या वर्गासमोर हसलो. मला ते कळायला सात वर्षं लागली." एवढं बोलून त्यांनी खांद्यावरचं स्टूल खाली काढलं. "हे तुमच्यासाठी केलं होतं तिनं."

आई स्टुलाकडे बघत राहिली. जवळ आली नाही. प्राचार्य बाई वाफेनं ओला झालेला चेहरा पुसत मध्येच म्हणाल्या, "तिनं इथं कधी काही मोजलं होतं का हो?"

"काय मोजलं नाही ते विचारा!" आई एकदम म्हणाली, आणि हसलीसुद्धा. "काचेची गोटी घेऊन यायची. जमिनीवर सोडायची आणि ती कुठं पळते ते बघत बसायची. मी म्हणायची, अगं एकोणीस वर्षांची घोडी झालीस आणि गोट्या कसल्या खेळतेस? आणि एक दिवस तर खिळा घेऊन फरशीच खरवडून ठेवली. मालकाची बोलणी मी खाल्ली."

"कुठं?"

तिनं टेबलाजवळची टोपली पायानं सरकवली. मास्तर गुडघ्यावर बसले. मळलेल्या ओल्या फरशीवर चार खुणा होत्या, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर. एका ठिकाणी एक रेघ, दुसऱ्या ठिकाणी दोन, तिसऱ्या ठिकाणी तीन आणि चौथ्या ठिकाणी चार. मास्तरांनी स्टूल उलटं केलं. बैठकीच्या पोटाला, प्रत्येक पायाशेजारी, पटाशीनं कोरलेल्या रेघा होत्या. एक, दोन, तीन, चार. दुपारी पाय मोजताना त्यांनी त्या पाहिल्या होत्या आणि पायांचे क्रमांक म्हणून सोडून दिल्या होत्या.

त्यांनी एक रेघेचा पाय एक रेघेवर ठेवला, दोनचा दोनवर, तीनचा तीनवर, चारचा चारवर. मग हात काढून घेतला. स्टूल सरळ उभं राहिलं. टेबल, भिंत, खिडकीची चौकट, सगळ्यांशी सरळ. कललेली होती ती जमीन.

"पेला," मास्तर म्हणाले.

बाईंनी रुमाल सोडला. आईनं नळावरून पाणी आणून ओतलं, काठोकाठ. मास्तरांनी पेला बैठकीच्या मधोमध ठेवला, आणि तिघंही पाण्याकडे बघत उभी राहिली. शेजारच्या टेबलावरची इस्त्रीसुद्धा थांबली. पाणी हललं, डुललं आणि स्थिर झालं. काठाला सगळीकडून सारखं टेकलेलं. थेंब खाली पडला नाही. मास्तरांनी हात पाठीमागे बांधून चारी बाजूंनी फेरी मारली, एकदा नाही, दोनदा. मग बाईंनीही मारली, तशीच, हात पाठीमागे बांधून.

"पास," मास्तर म्हणाले.

"पास," बाई म्हणाल्या. मग खाली वाकून म्हणाल्या, "या पायावर एक ओरखडा आहे. करवतीचा."

"तो माझा. वहीत लिहा. परीक्षकाची चूक म्हणून लिहा."

आई आता जवळ आली होती. तिनं बैठकीच्या कडेवरून बोट फिरवलं, सांध्यावरून फिरवलं, ओरखड्यावरही फिरवलं. "त्या दिवशी घरी आली ती तणतणतच," ती म्हणाली. "म्हणाली, मास्तरांना इथं घेऊनच येते, म्हणजे कळेल त्यांना. मी म्हटलं, एवढे मोठे मास्तर या वाफेत कशाला येतील? तर म्हणाली, येतील. नाही आणलं तर नाव लावणार नाही." डोळे भरले होते, पण आवाज ठाम होता. "सात वर्षं लागली, मास्तर. पण आणलंच तिनं तुम्हाला."

मास्तरांनी मान हलवली. खरंच होतं ते. आपण एवढा हट्ट करून आलो असं त्यांना वाटत होतं, आणि हट्ट मुळात त्यांचा नव्हताच.

बाईंनी इस्त्रीच्या टेबलावर वही उघडली. जुन्या ओळीवर एक सरळ रेघ मारली, शेजारी आपली सही केली, खाली नवी ओळ लिहिली आणि लेखणी तशीच धरून विचारलं, "तारीख आजचीच टाकते."

"नाही. त्या दिवशीची."

"मास्तर, परीक्षा आज झालीय."

"स्टूल त्या दिवशी तयार होतं. त्याच्यात त्या दिवसापासून आजपर्यंत एका कुसळाइतकाही फरक झालेला नाही. उशीर झाला तो मला झाला, तिला नाही. प्रमाणपत्रावर तिची तारीख येईल." मास्तर हळूच बोलत होते, पण चेहरा असा होता की बाईंनी नियमावली काढली नाही. त्यांनी सात वर्षांपूर्वीची तारीख घातली, आणि खाली आजची तारीख घालून लिहिलं, 'परीक्षक उशिरा पोचले.' दोघांनीही सह्या केल्या.

"आता बसून बघा," मास्तर आईला म्हणाले.

"बसून कुठं इस्त्री होते?" आई म्हणाली. "जोर लागत नाही. तिलाही मी हेच सांगायची. तर म्हणायची, आई, बसायचं नाही, नुसतं टेकायचं." तिनं पेल्याकडे बघितलं. "हा असाच ठेवायचा असतो का?"

"परीक्षा संपली. उचला खुशाल."

तिनं काठोकाठ भरलेला पेला दोन्ही हातांनी उचलला आणि स्टुलाला टेकली. आधी भीत भीत, मग सगळा भार टाकून. बैठक बरोबर तिच्या उंचीची होती. दुखरा पाय जमिनीवरून थोडासा सुटला, आणि तिच्या तोंडून, सकाळपासून उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडून निघतो तसा, एक लांब श्वास निघाला. तिनं पेला तोंडाला लावला आणि सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं. मग रिकामा पेला मास्तरांच्या हातात दिला, इस्त्री उचलली आणि अर्धा राहिलेला शर्ट पुढे ओढला.